लाल रिबनची झाडं

“लाल रिबनीच्या झाडांकय लायलं गो औषध,” काकी सुनेला सांगत होत्या. “त्याच सांजे. उरललां तां काय ओतून टाकूचा?”

“पण त्यांका लावचा नाय म्हणून सांगलेलां मां?”

“कोणाक सांगलेलां? तुझ्या घोवाक. माका कोण सांगूक इलो?” काकींनी हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. “आणि चेडवांका बघूक पावणे इले काय एकीक पावडर लावन दुसरीक तशीच बसयतत? शिकललीं माणसां येतलीं. अर्धीं झाडां बरीं नि अर्धीं भोकां पडललीं बघून तीं काय म्हणतलीं?”

सून हसली. मग दोघी चहाच्या कपांबद्दल बोलायला लागल्या.

मी स्वयंपाकघराच्या जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, बाहेरच्या बाजूला, बालदीतल्या पाण्यात चिमटे धूत होते. ऐकलेलं सगळं मला समजलं. नीट समजलं नाही असं मी नंतर स्वतःला सांगून पाहिलं, पण ते खरं नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी डिचोलीच्या आमच्या घरात थोड्याफार फरकाने हीच भाषा बोलतात. शब्दही समजले आणि त्यांचा परिणाम काय होणार हेही समजलं, कारण त्या लाल रिबन आठवड्यापूर्वी मीच बांधल्या होत्या.

प्रयोगशाळेत येऊन मला तीन आठवडे झाले होते. लाटंबार्सेच्या ह्या डोंगरउतारावर काकींचं काजूचं भाट, म्हणजे बाग, आहे. त्यांच्या यजमानांनी लावलेली झाडं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा औद्योगिक वसाहतीत नोकरीला जातो, म्हणून भाट काकीच बघतात. झाडांना रोठा लागला होता. रोठा म्हणजे खोडात शिरून आतून पोखरणारी बोटभर लांबीची पांढरी अळी. बुंध्याशी भुसा पडायला लागतो, डिंक गळतो, पानं पिवळी होतात आणि एके दिवशी झाड उभ्या उभ्या वाळतं.

माझ्या सीनियरला मी ताई म्हणत असे. तिच्या प्रबंधासाठी चोवीस झाडं निवडली होती. बारांना हिरवी रिबन, त्यांच्या खोडाला आम्ही औषध चोपडलं. बारांना लाल रिबन, त्यांना काहीच लावायचं नाही. आठवड्याने दोन्हीकडच्या अळ्या काढायच्या आणि औषधामुळे त्यांच्या आत काय बदललं ते मोजायचं. लाल रिबनची झाडं तशीच राहिली तरच तुलना. सूचनांचा कागद ताईचे मार्गदर्शक असलेल्या सरांनी काकींच्या मुलाच्या हातात दिला होता. इंग्रजीत होता. उरलेल्या औषधाचा डबा आम्ही ओसरीवर ठेवून आलो, पुढच्या खेपेला लागेल म्हणून.

चिमटे धुऊन मी भाटात परत गेले. ताई एका लाल रिबनच्या झाडापाशी गुडघ्यांवर बसून पटाशीने साल उचकटत होती. तिच्या कपाळावर भुसा चिकटला होता. “ये ये, बघ काय मिळालं!” ती म्हणाली. तिच्या तळहातावर जिवंत अळी वळवळत होती. तिने ती द्रव नायट्रोजनच्या डब्यात टाकली आणि आतून बारीक तडकल्यासारखा आवाज आला. “अजून दोन मिळाल्या की सुटलो आपण.”

मी तोंड उघडलं असतं तर त्या दिवसाचं काम वाया गेलं असतं, एवढंच. पण काकी तेवढ्यात चहा आणि उंडे, आमच्याकडचे गोल कडक पाव, घेऊन आल्या. “खा गो बाय, काठयेसारखी झालंस,” त्या मला म्हणाल्या आणि उंड्याचा मोठा तुकडा माझ्या हातात कोंबला. मला दिसलं, मी बोलले तर सर त्यांच्याकडे वळणार. सर कुणावर ओरडत नाहीत. ते फक्त चष्मा काढतात आणि समोरच्याकडे काही न बोलता बघत राहतात. काकींकडे कुणी तसं बघितलेलं मला नको होतं. ह्याला मी तेव्हा चांगुलपणा समजले. शाळेत उत्तर येत असूनही मी हात वर करत नसे, त्यालाही बाई चांगलं वळणच म्हणायच्या.

पुढचं काम प्रयोगशाळेतलं. अळी वाटायची, तिच्यातला आरएनए वेगळा करायचा, आणि कुठलं जनुक किती चालू आहे ते यंत्रावर मोजायचं. पण कुठलीही मोजणी करायला न हलणारं काहीतरी लागतं. आमच्या डिचोलीत नदीला पूर येतो तेव्हा लोक पुलाच्या खांबावरची खूण बघून पाणी किती चढलं ते सांगतात. खांबच खचला असेल तर पाणी चढलं की खांब उतरला, कसं कळणार? जनुकांचंही तसंच. औषध लागो, उपास पडो, ऊन वाढो, जे जनुक आपलं काम एकाच वेगाने करत राहतं ते संदर्भ म्हणून धरायचं आणि बाकीची त्याच्याशी ताडायची. असं स्थिर जनुक प्रत्येक किडीसाठी नव्याने शोधावं लागतं. आमच्याकडे तो शोध कुणी घेतला नव्हता. जो येईल तो अ‍ॅक्टिन नावाचं जनुक वापरायचा, कारण आधीचा अ‍ॅक्टिन वापरून गेलेला असायचा. फ्रीझरमध्ये त्याची नळी पहिल्याच रांगेत असे. ताईने मात्र आठ जनुकं घेऊन रीतसर निवड करायचं ठरवलं होतं. ह्यासाठी मला ती आवडायची.

निकाल आला तेव्हा सर खुर्चीतून उठून स्क्रीनपाशी आले. आठही जनुकांच्या रेषा हिरव्या आणि लाल झाडांच्या अळ्यांमध्ये जवळपास सारख्या होत्या. त्यातही अ‍ॅक्टिन सगळ्यांत सरळ.

“क्या बात है!” सर म्हणाले. “इतकी स्थिर जनुकं मी कुठल्याच किडीत पाहिली नाहीत. आणि आपण उगाच अ‍ॅक्टिनवर शंका घेत होतो.”

ताईने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मी हसले. आठही स्थिर असणं हीच खरी शंकेची जागा होती. दोन्ही रांगांना एकच औषध लागल्यावर फरक येणार कुठून?

तिथून एक एक गोष्ट घसरत गेली. अ‍ॅक्टिन खांब ठरला. मग अळी विष पचवण्यासाठी जे जनुक वापरते ते त्याच्याशी ताडून पाहिलं. तेही दोन्ही रांगांत सारखंच. सरांनी त्याचा अर्थ लावला, आणि कागदावर पाहिलं तर तो अर्थ बरोबर होता: औषध लावलेल्या अळीला काहीच वाटत नाहीये. म्हणजे ह्या डोंगरावरच्या रोठ्याला हे औषध लागू पडत नाही.

मला ‘हात बसावा’ म्हणून सरांनी तीच सगळी मोजणी परत करायला दिली, पण वेगळ्या अळ्यांवर. पेडणे तालुक्यातल्या धारगळला हमरस्त्याच्या पलीकडे माझ्या काकांची चार-पाच काजूची झाडं आहेत. त्यांना कधी काही लावलेलं नाही, शेणखतसुद्धा नाही. तिथली रोठा लागलेली फांदी कापून मी स्कूटरवर पायांजवळ ठेवून आणली. अर्ध्या अळ्यांना मी स्वतः औषध दिलं, अर्ध्यांना नुसतं पाणी. चोवीस तास डब्यांपाशी कुणाला फिरकू दिलं नाही.

अ‍ॅक्टिन हलला, तोही थोडाथोडका नाही. औषध लागलेल्या अळ्यांमध्ये तो धाडकन खाली आला होता. आठांपैकी रायबोसोमचं एक जनुक तेवढं जागेवर राहिलं. त्याच्याशी ताडल्यावर विष पचवणारं जनुक पार वर गेलेलं दिसलं. औषध अळीपर्यंत पोचत होतं आणि अळी त्याच्याशी झगडत होती.

मी सरांना आलेख दाखवला. त्यांनी चष्मा काढला.

“पिपेट धरताना हात थरथरतो का तुझा?”

“नाही सर.”

“परत कर.”

मी परत केलं. आणखी एकदा केलं. तिन्ही वेळा तेच आलं. तेव्हा सर म्हणाले, “धारगळची कीड वेगळी असेल. पेडण्याची माती वेगळी, झाडं वेगळी. ठेवून दे बाजूला, पुढे बघू.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना जे माहीत नव्हतं ते सोडून बाकी सगळ्याशी ते प्रामाणिक होते. ते मला माहीत होतं आणि मी “हो सर” म्हणून लॅपटॉप मिटला.

त्या रविवारी मी ताईला मेसेज लिहिला. बोलण्यापेक्षा लिहिणं मला नेहमीच सोपं. सगळं लिहिलं, जनेल, बालदी, काकींचे शब्द. तासाभराने दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

सोमवारी ती मला जिन्यात थांबवून म्हणाली, “तू तिथेच का नाही बोललीस?”

मी कठड्यावरची धूळ बोटाने पुसायला लागले.

“तेव्हा बोलली असतीस तर आठवडा गेला असता. रिबन सोडून दुसऱ्या झाडांना बांधल्या असत्या, संपलं. आता पूर्ण प्रबंध जातोय. चार वर्षं, कळतंय का तुला? पुढच्या महिन्यात द्यायचाय मी तो.” ती ओरडत नव्हती. तिचे ओठ पांढरे पडले होते. “गावी, पाळीला, घरी सगळ्यांना वाटतंय मी संपवलं म्हणून. आई शेजारीपाजारी सांगून बसलीय.”

“सॉरी.”

“सॉरी काय गं.” ती पायरीवर बसली. मग म्हणाली, “सरांना मी सांगते. तू मध्ये पडू नकोस. मला माझ्या पद्धतीने सांगू दे.”

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते. माझ्या गळ्यातलं ओझं मी तिच्या गळ्यात घातलं होतं आणि ती ते घेऊन जिना चढून गेली. त्यानंतर रोज मी सरांच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज घ्यायची, आज सांगितलं असेल का. सर नेहमीसारखेच होते. ताई माझ्याशी कामापुरतं बोलायची. मीही तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

एका दुपारी सर आमच्या टेबलापाशी आले. “गुरुवारी लाटंबार्सेला जायचं. काकींचा मुलगा रिबनची सगळी झाडं काढून टाकतोय. मीच त्याला सुचवलं. औषध लागत नसेल तर पोखरलेली झाडं ठेवून उपयोग काय, शेजाऱ्यांच्या भाटात जाईल सगळं. मुळासकट काढायची आणि जाळायची. आपल्याला आयतीच खोडं मिळतील, अळ्या गोळा करून घेऊ.”

मी ताईकडे बघितलं. ती नळ्यांवर नावं लिहीत होती. तिच्या हातातलं पेन थांबलं, मग परत चालू झालं. सर गेल्यावर मी एवढंच म्हणाले, “ताई.”

“गुरुवारच्या आधी सांगते,” ती म्हणाली.

गुरुवारी आम्ही पोचलो तेव्हा मशीनचा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत येत होता. बेळगावकडचे दोघे झाडं पाडायला आले होते. एकाकडे करवतीचं मशीन, दुसरा दोर ओढायला. हिरव्या रिबनची रांग त्यांनी आधीच पाडत आणली होती. उन्हात चिकाचा वास सुटला होता. सर शेजारच्या फणसाखाली मुलाशी बोलत उभे राहिले. काकी ओसरीवर भाटाकडे पाठ करून बसल्या होत्या आणि सुपात बिया निवडत होत्या. आम्हाला बघून उठल्या, “इलास? बसा, चाय ठेवतंय,” म्हणाल्या आणि आत गेल्या. सून मला हळूच म्हणाली, “काल आई प्रत्येक झाडाकडे जावन इली. पाणी घातलान. मरतल्या माणसाच्या तोंडात घालतत तसां.”

मी आणि ताई पहिल्या पडलेल्या खोडापाशी बसलो. मी पटाशी मारली. बोगदा सापडला, आत भुसा कोरडा होता आणि अळी काळी, वाळलेली होती. बोट लावल्यावर तिचा चुरा झाला. दुसरा बोगदा रिकामा. तिसऱ्यात मेलेली अळी. दुसऱ्या खोडातही तेच. डिंक सुकला होता आणि जखमेच्या कडेने नवी साल धरायला लागली होती. प्रयोगाच्या त्या आठवड्यानंतर आमच्यापैकी कुणीच झाडांकडे परत फिरकलं नव्हतं. आम्ही आलेखच बघत बसलो होतो.

मी ताईसमोर तळहात धरला. तिने त्यावरची काळी अळी बघितली, मग मान फिरवून पुढच्या खोडाकडे सरकली. ते खोड आतून तसंच होतं. तिने पटाशी खाली ठेवली आणि हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली.

मशीनवाला विडी पेटवायला आमच्याजवळ येऊन थांबला होता. वाकून त्याने बोगद्यात बघितलं. “हे काय ओ बाई, किडे तर मेल्यात की सगळे.”

ताईने हाताने भुसा बोगद्यावर लोटला.

“मेलेल्यांना परत मारायलाय होय तुम्ही?” तो हसला. “आमचं काय, सांगतील ते पाडायचं. झाड चांगलं होतं पण.” विडी संपवून तो उठला, दोरवाल्याला त्याने हाक मारली आणि दोघे वरच्या बांधावर गेले. तिथे लाल रिबनची रांग सुरू होत होती.

मी सरांकडे बघितलं. ते मोबाइलवर बोलत होते. ताईकडे बघितलं. तिने डोळे मिटले होते. ती सांगणार नव्हती, आणि तिला दोष द्यायला माझ्याकडे तोंड नव्हतं. काकी चहाचा ट्रे घेऊन ओसरीच्या पायऱ्या उतरत होत्या. मी बोलले तर त्यांनाही ऐकू जाणार होतं. हिरव्या रांगेतल्या खोडांपैकी एकही आता उभं होणार नव्हतं, आणि ते कशामुळे पडलं हे त्यांना माझ्याच तोंडून कळणार होतं. पाहुण्यांसमोर झाडं बरी दिसावीत म्हणून त्यांनी औषधात फडकं भिजवलं होतं. हे त्यांनी आयुष्यभर घेऊन बसावं का?

डोक्यात वाक्य इंग्रजीत जुळत होतं, ‘सर, मला वाटतं कदाचित’ अशा वळणाचं. शाळेपासून माझी सगळी धाडसाची वाक्यं अशीच सुरू होतात आणि तिथेच संपतात. वरच्या बांधावर दोर पहिल्या लाल झाडाला अडकवला गेला. मशीनवाल्याने स्टार्टरची दोरी ओढली, मशीन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा सुरू झालं.

मी उठले. मेलेली अळी अजून माझ्या मुठीत होती. बांध चढताना पाय घसरला, हाताला माती लागली. मशीनचं पातं सालीला टेकलं होतं. मी त्या माणसाच्या आणि झाडाच्या मध्ये गेले, इतकी जवळ की त्याने शिवी हासडून मशीन मागे ओढलं आणि बंद केलं. एकदम सगळीकडे शांत झालं. सरांनी फोन कानापासून दूर केला. काकी ट्रे धरून अर्ध्या वाटेत थांबल्या. चेहरे सगळे माझ्याकडे होते आणि माझा आवाज मला स्वतःलाच अनोळखी वाटला, मोठा, फाटका, घरात बोलतो त्याच भाषेतला.

“मशीन बंदच ठेवा. उरललीं झाडां तोडूं नकात. औषध लागलां, दोनय रांगांक लागलां, किडे मेल्यात. काकींका आमी कोणीच काय सांगूक नाय, चूक आमची. आणि माका हां पयल्या दिसापासून म्हायत होतां.”